माझ्या पेटीवरची न्याहारी

चि. देमाओ यास,

युनतानहून तुझ्या आक्काचे पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? तुझ्या बायकोचा खोकला, नातवाचे दात, सगळं ठीक असेल असं धरून चालते. धुरी दिलेलं मांस पाठवलं होतं ते पोचलं का? पोचलं असेल तर एका बैठकीत फस्त करू नका, आणि पोचलं नसेल तर टपाल आणणाऱ्याची बोटं हुंगून बघ. माझी तब्येत उत्तम आहे. रक्तदाब चढलाय, झोप उडालीय, अन्न अंगी लागत नाही, पण ते आजारपण नव्हे, तो संताप आहे. हे सगळं फोनवरच सांगितलं असतं, पण आमच्याकडे फोनवर बोलायचं म्हणजे सूनबाई छायश्या शेजारी उभी. "आई, जरा हळू, पाहुणे निजलेत." माझ्या घरात मी हळू बोलू! ह्या डोंगरावरून त्या डोंगरावरच्या बाईशी भांडण केलेली बाई मी (आणि जिंकलेली, तू साक्षीला होतास). म्हणून कागद घेतला. कागदावर कितीही ओरडलं तरी कुणाची झोपमोड होत नाही.

पाहुणे म्हणजे कोण, ते आधी ऐक. तू गाव सोडलंस तेव्हा इथे नवा माणूस दिसला तर तो एक तर वाट चुकलेला असायचा, नाही तर डुकरं विकत घेणारा. आता गाड्या भरभरून येतात, आणि कशासाठी? धुकं बघायला! अरे, आपलं धुकं! ज्या धुक्यात तू सायकलसकट भातखाचरात गेलास आणि बाबांनी आधी सायकल बाहेर काढली, तेच हे धुकं. तुझ्या भाच्याने, वेनबिनने, वरच्या खोल्यांना काचा लावल्या, दारात लाल कंदील टांगले आणि घराचं पाहुणेघर केलं. माणसं पहाटे उठून काचेला नाक लावून बसतात. एखाद्या दिवशी ऊन कडक पडतं, धुकं येतच नाही, की लगेच खाली येऊन मला विचारतात, "आजी, आज नाही का धुकं?" जसं काही मीच ते कोठीत कोंडून ठेवलंय! परवा एक बाई म्हणाली, इथे किती शांतता आहे हो, आणि हे तिने इतक्या मोठ्याने सांगितलं की आमची बदकं तळ्यात पळाली.

आणि जेवण! त्यांना म्हणे खेड्यातलं अस्सल जेवण हवं. बरं, देते. आंबट माशाचं सार केलं, तर म्हणे आंबट जरा कमी. मांस वाढलं, तर त्याची चरबी काढून ताटाच्या कडेला रांगेत लावली. ती उग्र वासाची मुळं, ज्यांच्यावाचून आपल्या घशाखाली घास उतरत नाही, ती नुसती चिरली तरी एकजण नाकाला रुमाल लावून अंगणात गेला. आणि मिरची नको! ह्या डोंगरात येऊन मिरची नको! मी म्हटलं, बाबा, मग तुम्ही घरीच कोमट पाणी प्यायला असतात तर प्रवास वाचला असता. त्यावर वेनबिनने मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं की पाहुण्यांशी असं बोलायचं नसतं. ज्याला मी बोलायला शिकवलं तो मला बोलायचं कसं ते शिकवतोय. पण हेही मी गिळलं. चरबी गिळली, अपमान गिळला. खरी आग लागली ती पेटीवरून.

माझी पेटी तुला आठवते. तुझ्या दाजींनी मागच्या डोंगरावरचे देवदार स्वतः निवडले आणि मेल्यावर निजायला दोघांना दोन पेट्या करवून घेतल्या. ते त्यांच्या पेटीतून गेले, सुखाने गेले. माझी पुढच्या दालनात, खिडकीखाली. रिकामी ठेवू नये म्हणून आत मका. दर शरदात वेनबिन तिला राळेचा नवा हात देतो, त्यामुळे आता ती अशी काळीभोर चमकते की तिच्यात बघून केस विंचरावेत. गावात ज्या म्हातारीची पेटी तयार नसते तिला लोक विचारतात, काय गं, पोरं नाहीत का तुला? आणि माझ्या पेटीवर बोटाने टकटक करून शेजारणी म्हणतात, नशीब काढलंस हो. सोनं नाही, नाणं नाही, देमाओ, ह्या घरात माझी म्हणून सांगावी अशी तेवढीच एक वस्तू. तर एका सकाळी मी परसातून येते आणि बघते काय? पेटीवर निळी नक्षीची चादर, चादरीवर सोयाचं दूध, वाफेवरचे पाव, उकडलेली अंडी, लोणच्याचे वाडगे, आणि भोवती पाहुणे हातात बशा घेऊन! माझ्या मरणावर न्याहारी मांडली होती रे!

तळपायाची आग मस्तकात गेली. वेनबिनला खेचून बाजूला घेतला, तर म्हणतो, "आई, टेबल पुरत नव्हतं, आणि चादर आहे ना, कुणाला कळत नाही." त्या वेळी एक चष्मेवाले गृहस्थ (समुद्रकाठच्या कुठल्या तरी शहरातले, अंडं सोलून फक्त पांढरं खाणारे) हात फिरवत मला म्हणाले, "आजी, टेबल छान लांब आहे. तयार मिळालं की मापाने करवून घेतलं?" म्हटलं, मापाने. "कुठलं माप?" म्हटलं, माझं. ते हसले. मीही हसले, पण माझं हसणं कसं होतं ते तुला माहीत आहे.

मग मी गप्प बसेन का? मुळीच नाही, पण गप्पच बसले, कारण सूनबाईचे डोळे भरून यायला वेळ लागत नाही. दुसऱ्याच दिवशी कुणाचा तरी साराचा वाडगा चादरीवर उपडा झाला. आंबट सार, त्यात तेल! राळेवर डाग पडला तर दहा पिढ्या जात नाही. मी चादर ओढली, ओलं फडकं घेतलं आणि झाकण पुसायला लागले. डोक्याकडच्या बाजूला सोनेरी रंगात दीर्घायुष्याचं अक्षर कोरलेलं आहे, ते सगळ्यांना दिसलं. झालं! शुभ आहे, शुभ आहे म्हणत पोरी त्याला गाल लावून फोटो काढायला लागल्या. त्यातल्या एकीने, केस जांभळे रंगवलेल्या, विचारलं की आजी, ह्यात काय ठेवता? खोटं का सांगू? म्हटलं, सध्या मका. पुढे मी.

किंचाळी अशी फुटली की धुकं असतं तर तेही पळालं असतं. पाव हवेत, अंडी जमिनीवर, चष्मेवाले गृहस्थ त्या पांढऱ्या अंड्यासकट अंगणात. दुपारपर्यंत सगळ्या खोल्या रिकाम्या. सूनबाई चुलीपाशी बसून मुळूमुळू रडतेय, वेनबिन जमिनीकडे बघतोय, आणि शेवटी दोघांनी मिळून ठरवलं काय, तर पेटी हलवायची. कुठे? डुकरांच्या गोठ्यात! डुकरं विकली, गोठा रिकामा आहे, कोरडा आहे, वर पत्रा आहे. म्हणजे डुकरं बाहेर आणि आई आत! मी कापडी बुटांचे तळ शिवायची टोपली घेतली आणि पेटीवर चढून बसले. म्हटलं, हलवा आता. जेवणही तिथेच मागवलं. शेजारणी बघायला आल्या, त्यांना सांगितलं, बायांनो, वेळ झाल्यावर आत जायचंय, तोवर वर बसून सवय करते. वेनबिनने दोन्ही हात जोडले तरी खाली उतरले नाही. आपल्या बाबांची लेक आहे मी.

आता तुला वाटेल, आक्का जिंकली. मलाही वाटलं. पण त्या जांभळ्या केसांच्या पोरीने घरी जाऊन माझा पेटी पुसतानाचा फोटो सगळ्या जगाला दाखवला (पळता पळता तेवढं सुचलं तिला!), आणि देमाओ, पुढच्या सुट्टीला जी गर्दी लोटली! धुकं कुणी विचारीना. उतरल्या उतरल्या एकच प्रश्न, आजीची पेटी कुठाय? बघून भागेना, त्यांना आत निजायचंय! काल रडणारी सूनबाई आज मका उपसून पोत्यात भरतेय. आत गादी घातली, माझी लग्नातली रजई घातली, उशी घातली, आणि बाहेर पायताणं काढायला फळी ठेवली. आता रोज रांग लागते. आत जातात, डोळे मिटतात, बाहेर येताना रडतात. एक म्हणतो आता नोकरी सोडणार. एक म्हणते भावाशी अबोला धरला होता, आज बोलणार. एक जाडा गृहस्थ खांद्यात अडकला, त्याला साबणाचं पाणी लावून काढला. एकजण तर चक्क घोरला, आणि बाहेरच्यांनी त्याला उठवला नाही, म्हणे त्याला शांती लाभलीय. आयत्या बिळावर नागोबा मेले! ज्या पेटीत मी अजून एकदाही अंग टाकलं नाही, तिला आता परक्यांच्या अत्तराचा वास मारतोय. आणि वर माझे हात हातात घेऊन सांगतात, आजी, तुमच्यामुळे आयुष्याचा अर्थ कळला. म्हटलं, कळला ना? मग जा, जगा, वाट सोडा.

वेनबिनला विचारलं, हे काय चालवलंयस? तर शांतपणे म्हणतो, "पेटी घरातच राहिली ना, आई? तुला हवं होतं तेच झालं." हे वाक्य मला सगळ्यात झोंबलं. जिवंतपणी माणसाची खोली जाते, खुर्ची जाते, चुलीवरचा हक्क जातो, सगळं मान्य. पण मेल्यावर पाठ टेकायला जी जागा, तिथे तरी आपला पहिला नंबर नसावा का?

तेव्हा आता तू उठ. वर मेघराज आणि खाली मामा, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. बापाचं न ऐकणारा भाचा मामापुढे मान खाली घालतो. वेनबिनला असा झाड की तुमच्या शहरातल्या वरच्या मजल्यापासून आमच्या गोठ्यापर्यंत ऐकू आलं पाहिजे. गादी बाहेर, मका आत, झाकण बंद. एवढं तुझ्या तोंडून निघालं की त्याची हिंमत नाही. सर्वांना आशीर्वाद. गुडघ्याला आल्याचा शेक दे.

तुझी,
आक्का

ता. क. झाडशील तेव्हा फार लागेल असं बोलू नकोस. राळेचा कच्चा चीक अंगाला चावतो, हात देताना त्याचे तळवे दरवर्षी सुजतात, फोड येतात, पापण्या उघडत नाहीत. ह्याही वर्षी फोड आले. मजूर लाव म्हटलं तर म्हणतो, आईच्या पेटीला परका हात नको. हे त्याला आठवण करून देऊ नकोस, डोक्यावर बसेल.

दुसरा ता. क. सूनबाईलाही काही बोलू नकोस. रजई ती रोज उन्हात घालते. आणि शहरात चांगला निळा कोट मिळतो म्हणे, उभ्या कॉलरचा, तो एक पाठव. फोटोत माझा जुना कोट कोपरावर फाटलेला दिसतो. लोक काय म्हणतील, पोरं बघत नाहीत का?

तिसरा ता. क. दोनदा पाकीट बंद केलं आणि दोनदा उघडलं. तर ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? दर नववर्षाला तू सांगतोस, पुढच्या वर्षी नक्की. एक ना एक दिवस तुला यावंच लागणार आहे, कारण माहेरच्या माणसाने बघितल्याशिवाय बाईच्या पेटीला खिळा ठोकता येत नाही. तू गुडघा धरत येशील. सगळे उठून तुला वाट देतील. तू माझ्या तोंडावरचा कपडा बाजूला करशील, बाह्या चाचपशील, गाल बसलेत का ते बघशील, आणि चारचौघांत वेनबिनला विचारशील, माझ्या आक्काला नीट जेवायला घालत होतास ना रे? मग मोठ्याने रडशील. तू रडतोस छान, लहानपणापासून. पण देमाओ, त्याचा मला काय उपयोग? मला तेव्हा दिसणार नाही, ऐकू येणार नाही. म्हणून म्हणते, ती तपासणी आत्ताच करून जा. आत्ता ये, माझे गाल बघ, आणि जेवते का नाही ते मलाच विचार. उत्तर द्यायला मी आहे अजून.