चिंचेखालचा पंप

४ मार्च, मंगळवार. सकाळ.
चिंचेच्या फुकट सावलीचा आजवरचा खरा खर्च: पंपाच्या जाळीच्या बास्केट दोन, मोटारचं सील एक, माझा डावा पायमोजा एक, आणि बायकोचा, सिपोराचा, दोन दिवसांचा अबोला.

कंत्राटदार म्हणाला होता, झाडाखाली स्विमिंग पूल नको शेठ. मी म्हटलं, मग शेडचे पैसे तू घाल. बरोबरच बोललो होतो. चूक चिंचेची. आंब्याचं पान पडलं तर उचलता येतं. चिंच पान पाडत नाही, भुसा पाडते. बास्केटला पायमोजा चढवायची कल्पनाही योग्यच होती. पंपाने तो आत ओढला, हा पंपाचा जोर.

रविवारी मुलगा एझ्रा येतोय, इस्रायलमधल्या अश्दोदहून, तामारला घेऊन. नात नऊ वर्षांची. तिला फोनवर निळंशार पाणी पाठवलंय. फोटो कॅटलॉगमधला, पण पाणी सगळीकडचं सारखंच. एझ्राचं एकच टुमणं: "बाबा, ही जोह्याची जागा विका आणि इकडे या. तुम्हा दोघांच्याने झेपत नाही." रविवारी पूल बघेल आणि गप्प बसेल.

५ मार्च, बुधवार.
मच्छरदाणी! डबल बेडची. चिंचेच्या चार फांद्यांना बांधली. दिवसभर पाण्यात एक पान नाही. हे इंजिनिअरला सुचत नाही.
माळी दाजी म्हणाला, "शेठ, मच्छरदाणीला पोट आलंय."
म्हटलं, येऊ दे.

६ मार्च, गुरुवार.
बाळंत झाली. दोन दिवसांची पानं एकरकमी पाण्यात. पंप घरघरला आणि गप्प. गाठ दाजीने मारली होती. (मी सांगितली तशी.)
सिपोरा म्हणाली, आज डासांनी तुम्हालाच खाल्लं पाहिजे.
खाल्लं.

७ मार्च, शुक्रवार. दुपार.
पंप खोलला. पायमोजा सापडला. धुतला, म्हणजे पंप. सुरू केला. घूंऽऽ. व्हरांड्यातूनच कळलं, मोटार खूश आहे. चाळीस वर्षं रोह्यात गिरण्यांच्या मोटारी दुरुस्त केल्या. रस्त्यावरून जाता जाता सांगायचो, कुणाचं बेअरिंग गेलंय. त्याच कानाच्या कमाईवर ही जागा घेतली. कुंपणापलीकडे सुशीलचा गणपतीचा कारखाना आहे. परदेशी ऑर्डर, रविवारचीही सुट्टी नाही, रंगाचा कॉम्प्रेसर सतत चालू. दुसऱ्या कुणाला हे दोन आवाज वेगळे काढता येणार नाहीत. सॉलोमन रोहेकरला येतात.

सिपोरा म्हणाली, "अहो, दोन्ही लावलं की लाइट उडते. पंप की मिक्सर, एक ठरवा."
म्हटलं, पंप.
"बरं."
बायको बरं म्हणाली की विषय संपला. आता दिवे लागले की उद्या रात्रीपर्यंत आमच्यात स्विचला हात लावत नाहीत. शब्बाथ, आम्हा ज्यूंचा शनिवारचा विसावा. पंप तसाच चालू राहील. रविवारपर्यंत पाणी काचेसारखं.

९ मार्च, रविवार. पहाटे.
शनिवारी लिहायचं नसतं, म्हणून कालचं आज. दिवसभर खुर्चीत बसून पंप ऐकला. पूलकडे फिरकलो नाही. पान दिसलं असतं, उचललं असतं, ते काम झालं असतं. नियम म्हणजे नियम. मोटार मधूनमधून थांबून दम घेते, जातिवंत मोटार घेतेच. दुपारी एक ते दोन तर पूर्ण विश्रांती. आपोआप! शब्बाथ पाळणारा पंप अख्ख्या पेण तालुक्यात दुसरा नसेल.
नारळाच्या रसातली मच्छी दोनदा घेतली. मन निश्चिंत असलं की भूक लागते.

त्याच दिवशी. दुपार.
आले. तामार पोहण्याचा चष्मा गाडीतच लावून बसली होती. मी पुढे, मंडळी मागे.
पूल दिसला नाही. पिवळी चादर दिसली, कडेला बगळा.
तामार म्हणाली, "आजोबा, हे शेत आहे?"
एझ्रा म्हणाला, पंप बंद आहे.
मी बोट वर केलं. "ऐक."
सगळ्यांनी ऐकलं. घूंऽऽ. मी त्याला समजावलं की पंप उत्तम आहे, दोष पाण्यात आहे. तो झाडामागे गेला, परत आला आणि पंपाचा प्लग माझ्या हातात ठेवला.
घूं चालूच.
सिपोरा म्हणाली, "शुक्रवारी मीच काढला. काल दोनदा वाढून घेतलंत, तो नारळ काय दातांनी वाटला होता?"

तामार चष्म्यासकट पालथी पडून पानांत बेडूक शोधत होती. सापडला. खूश होती. एझ्रा कुंपणापाशी जाऊन सुशीलला विचारत होता, कारखाना वाढवायला जागा हवी आहे का.
सुशील म्हणाला, "बोलू की दादा, आधी कामावरची पोरं जेवू देत."
त्याने आत हाक मारली. एक वाजला होता. आवाज थांबला.