जावईबापूंनी धाडलेले स्टेअरिंग

पुसेगाव, ता. सेनगाव
चैत्र पौर्णिमेचा आदला दिवस

आयुष्मान प्रमोदराव यांस, आपले सासरे ग्यानोबा पाईकराव यांचा सप्रेम जय भीम व अनेक मंगल कामना.

इकडे सर्व कुशल आहे. (हे वाक्य पत्रारंभी लिहावयाचे असते म्हणून लिहिले; पुढील मजकूर वाचताना त्याचा आधार घेऊ नये.) आपली प्रकृती आणि चि. संध्येची कंबर कशी आहे ते कळवावे. माझी साखर मर्यादेत आहे. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर पाली अक्षरे पुन्हा स्पष्ट दिसू लागली असून विहारात सायंकाळचे वाचन पूर्ववत सुरू झाले आहे. श्रोते मोजके आहेत, पैकी काहींना माझ्या वाचनाने इतकी चित्तशांती लाभते की त्यांना समाप्तीच्या वेळी हलवून उठवावे लागते.

आपण नाशिकहून पाठविलेले पॉवर स्टेअरिंग, म्हणजे त्याचा बॉक्स, पंप आणि नळ्या, सुखरूप पोहोचले, ट्रकास बसविले गेले, आणि त्याने काम केले. ते किती केले, हे सविस्तर कळविणे माझे कर्तव्य आहे. आमच्या पिढीत सासऱ्याने द्यावे आणि जावयाने नाक मुरडून घ्यावे अशी रीत होती. आपण लग्नात साधा रुमालही घेतला नाहीत, आणि आता आपल्या सुट्या भागांच्या दुकानातून आमच्याच ट्रकासाठी इतकी मोलाची वस्तू धाडलीत. दानाचा विचार करताना देणाऱ्याचे चित्त, दिलेली वस्तू आणि घेणारा अशी तीन अंगे पाहावीत, असे मी नेहमी सांगत आलो. येथे पहिली दोन अंगे सर्वथा निर्दोष आहेत. दोष असलाच तर तो घेणाऱ्यांच्या बाजूस आहे, आणि तेथे तो पुष्कळ आहे.

आपणास ठाऊकच आहे की हा ट्रक कागदोपत्री माझा असून, कागद बाजूस ठेवले तर तो सर्वस्वी रामप्रसादचा, म्हणजे माझ्या मेहुण्याचा आणि आपल्या मामेसासऱ्यांचा आहे. (मला वाहन चालविता येत नाही, मी डाव्या बाजूस बसून उपदेश करतो.) जुन्या स्टेअरिंगमध्ये इतका ढिलेपणा आला होता की हातातले चाक पाव फेरा फिरविले तरी खालच्या चाकांना त्याची वार्ता नसे. वार्ता पोहोचल्यावर ती थोडा विचार करीत, आणि मग वळत. रामप्रसादने याचा कधी राग मानला नाही. शाळेपुढच्या वळणासाठी तो पिठाच्या गिरणीपासूनच चाक फिरवू लागे, आणि शाळा येईपर्यंत ट्रकालाही ते पटलेले असे. सरळ रस्त्यावर त्याचे दोन्ही हात सूप पाखडल्यासारखे डावी-उजवीकडे अखंड हलत, आणि त्या हलण्यातून ट्रक ओळंबा सोडल्यासारखा सरळ जाई. कर्म आणि त्याचे फळ यांच्यात काळाचे अंतर असते, हे मी अनेकांना ग्रंथ उघडून समजाविले. मला स्वतःला ते त्या केबिनमध्ये पटले.

असो. हिंगोलीस बद्रुद्दीन मिस्त्री यांच्या गॅरेजात काम झाले. बद्रुद्दीन हे गुणी गृहस्थ आहेत, परंतु त्यांच्या हातापेक्षा जीभ अधिक वेगाने चालते, आणि हात थांबले तरी ती थांबत नाही. नटबोल्ट आवळून झाल्यावर त्यांनी इंजिन सुरू केले, करंगळीने चाक गरागरा फिरविले आणि गॅरेजातल्या झाडून सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “मास्तर, ह्ये स्टेअरिंग न्हाई, मस्का हाय मस्का! तकलीफ खतम. आता तुमच्या मेव्हण्याला म्हणावं, एका हातानं चालवा आन् दुसऱ्यानं चहा प्या.” जुना बॉक्स परत मिळेल का, असे रामप्रसादने हळूच विचारले. त्यावर, एवढा ढिला बॉक्स खरे तर काचेच्या कपाटात ठेवायला पाहिजे होता, पण भंगारवाला आधी आला, असे उत्तर मिळाले. रामप्रसाद तरीही गॅरेजाच्या मागे एकदा पाहून आला. मी मात्र अनित्यतेवर दोन वाक्ये बोललो. (ती त्या वेळी अस्थानी होती, असे आता वाटते.)

हिंगोलीहून गावापर्यंत रामप्रसादने ट्रक बैलगाडीच्या गतीने आणला, त्यामुळे काही विशेष घडले नाही. गाव दिसताच मात्र त्याचा जीव मोकळा झाला, त्याने वेग घेतला, आणि पिठाच्या गिरणीपाशी येताच वर्षानुवर्षांच्या सवयीने शाळेच्या वळणासाठी चाक फिरविले. नवे स्टेअरिंग विचार करीत बसणारे नव्हते. ट्रक गिरणीपाशीच वळला. गिरणीशेजारी पद्माबाईंचे अंगण आहे, आणि अंगणात त्यांची शिजवलेली हळद वाळत घातलेली होती. आम्ही तिच्या मध्यभागी जाऊन थांबलो. पद्माबाई कमरेला पदर खोचून आल्या आणि म्हणाल्या, “रामप्रसादभाऊ, रस्ता तिकडं हाय ना? माझ्या अंगणात काहून येऊन राहिले? हळद लावायची तर नवरदेवाला लावा, ट्रकाला काय लावता!” एवढ्यात त्यांची दृष्टी माझ्यावर पडली. “अगं बाई! मास्तर बी आत हायत. मंग बोलायलाच नको, ह्यो काही धर्माचाच कार्यक्रम असंल.” त्या हळदीची आम्ही भरपाई केली. शब्दांची करता आली नाही.

खरा प्रसंग दुसऱ्या दिवशी गुदरला. गावातल्या लोकांची हळद भरून आम्ही वसमतच्या बाजारास निघालो. औंढ्याच्या पुढे रस्ता सरळ व रुंद लागला, आणि रामप्रसादचे हात नित्याप्रमाणे पाखडू लागले. पूर्वी हे पाखडणे ट्रकापर्यंत पोहोचतच नसे. आता हातांनी जे जे केले ते ते ट्रकाने जागच्या जागी करून दाखविले. कर्माचे फळ असे हातोहात मिळू लागले तर मनुष्याची काय अवस्था होईल, याची मला त्या दिवशी कल्पना आली. (मी दोन्ही हातांनी दाराचा दांडा धरला होता आणि चित्तात मैत्रीभावना आणण्याचा प्रयत्न करीत होतो. ती येत नव्हती.) मागच्या बसचा चालक भोंगा वाजवून दमला. पुढे पोलीस उभे होते. एका तरुण शिपायाने रामप्रसादला खाली उतरविले आणि विचारले, “काका, सकाळी सकाळी कितीची लावली?”

ज्या माणसाने जन्मात चहाखेरीज कशाला तोंड लावले नाही, ज्याला लग्नाच्या वरातीतही लोक भरवशाचा म्हणून लेकरे सांभाळायला देतात, त्याला भर रस्त्यात, मागे पोत्यांवर बसलेल्या ओळखीच्या हमालांसमक्ष, यंत्रात फुंकावे लागले. यंत्रात काही दिसले नाही. शिपाई चांगल्या घरचा होता, त्याने क्षमा मागितली, आणि मग अगदी आपुलकीने विचारले, “दारू न्हाई, तर मग तुमाला झालं काय, काका?” पहिल्या प्रश्नाने रामप्रसाद चिडला होता. या दुसऱ्या प्रश्नाने तो खचला.

तो अद्याप सावरलेला नाही. हळद बाजारात पोहोचवून, ट्रक गोगलगायीच्या चालीने परत आणून, त्याने किल्ली आमच्या घरी तथागतांच्या तसबिरीखालच्या खिळ्याला अडकविली आणि म्हणाला, “दाजी, माझे हात बिघडले. आता दुसरा डायव्हर बघा.” तेव्हापासून तो ओट्यावर बसून असतो. रस्त्याने ट्रक गेला की मान फिरवितो. ऐन हंगामात लोकांची पोती खळ्यावर पडून आहेत आणि त्यांना दुसरा चालक नको, रामप्रसादच पाहिजे. मी त्याची समजूत घालण्यास गेलो. हातांवर संस्कार बसतात, ते जाणीवपूर्वक क्षीण करावे लागतात, निर्जीव वस्तूस दोष देता येत नाही, हे सर्व मी त्यास दृष्टांतांसह समजाविले. त्याने शेवटपर्यंत शांतपणे ऐकले आणि विचारले, “म्हंजे दाजी, चूक माझ्या हाताचीच व्हय ना?” शास्त्रदृष्ट्या त्याने सिद्धान्त अचूक ग्रहण केला होता. त्या रात्री तो जेवला नाही.

आपल्या सासूबाई प्रकृतीने उत्तम आहेत. आपल्या स्टेअरिंगविषयी त्यांनी एक अक्षर काढलेले नाही. मला मात्र म्हणाल्या, “जावयानं धाडलं म्हणून गप हाय. तुमी आणलं असतं तर सांगितलं असतं मी.” (त्यांनी आणखीही काही सांगितले, ते मी आणल्याचे गृहीत धरून होते.)

सारांश, आपले स्टेअरिंग सर्व दृष्टींनी उत्तम आहे. त्याविषयी आमची यत्किंचितही तक्रार नाही, हे कळविण्यासाठीच हा पत्रप्रपंच. चि. संध्येस आशीर्वाद. उभयतांचे मंगल होवो.

आपला,
ग्यानोबा पाईकराव

ता. क. : एक लहानसे काम आहे. आपण रामप्रसादला फोन करून सांगावे की दोष त्याच्या हातांचा नसून बॉक्सचा आहे; तो कारखान्यातूनच जरा तिखट आला आहे, थोडा चालला की आपोआप मवाळ होईल. आपण या धंद्यातले असल्यामुळे त्यास ते पटेल. हे मला सांगता आले असते, परंतु मी पंचशील घेतलेला मनुष्य असून चौथ्या शीलाप्रमाणे मिथ्या बोलणे मला वर्ज्य आहे. आपणही शील घेतले आहे, याची मला कल्पना आहे. तथापि आपले वय अद्याप लहान आहे.

पुनश्च ता. क. : पाकीट चिकटविण्याच्या आतच रामप्रसाद येऊन गेला. मी आपणास पत्र लिहीत असल्याचे त्यास बहिणीकडून कळले होते. म्हणाला, “दाजी, पावन्याला स्टेअरिंगचं वंगाळ नका लिवू. लेकरानं किती हौसेनं धाडलं! लिवा की लई बराबर हाय, मामा खूश हायत.” मी म्हटले, मला खोटे लिहिता येत नाही. तो म्हणाला, “मंग माझ्या नावानं लिवा. पाप लागलं तर मला लागू द्या.” आणि मी सुचविताच, आपणास पाठविण्यासाठी स्टेअरिंगवर बसलेला फोटो काढू देण्यास तो आनंदाने तयार झाला, खिळ्यावरची किल्लीही त्याने स्वतः काढून घेतली.

तरी रामप्रसाद कळवितो की स्टेअरिंग फार छान आहे. (वाक्य त्याचे, अक्षर माझे.) वरील सर्व पाने आपणास मिळालीच नाहीत असे समजावे. सध्या तो अंगणात इंजिन बंद ठेवून स्टेअरिंगवर बसला आहे. बंद असताना पंप चालत नसल्याने आपले स्टेअरिंग जुन्याहूनही जड लागते, हातांचे लगेच ऐकत नाही, आणि त्यामुळे त्यास फार बरे वाटत आहे. सकाळी तो इंजिन सुरू करील, म्हणून हे पाकीट आज रात्रीच्याच नाशिक बसबरोबर धाडीत आहे, पहाटे आपणास मिळेल. त्याआधी आपला फोन यावा. त्यात काय सांगितलेत, ते मला कळवू नये.