सौ.ची पेटी आणि माझ्या रेघा

ठाणे, ४ जाने. १८८९
हेडमास्तरांनी सर्व मास्तरांना बोलावले. शाळेत ड्रॉइंगचा वर्ग निघणार. मुंबईची परीक्षा पास होईल त्याला वर्ग. कोणीच न झाल्यास बाहेरून मास्तर येणार आणि आपल्यापैकी एकाची बदली मुरबाडास. सर्वांत नवा मी. म्हणून मीच होय म्हणालो. वय चौतीस. फळ्यावरच्या नकाशाखेरीज आजवर काही काढलेले नाही.

६ जाने.
पुस्तक मिळाले, इंग्रजी. पहिला धडा पेटीचा. कडा लांब जाताना एकमेकींजवळ येतात, शेवटी एका ठिपक्यास मिळतात. वाचायला सोपे! सौ.ची माहेरची पेटी ओसरीवर मांडून बसलो. सहा काढल्या. सहाही चेपलेल्या. आत्या म्हणाली, "पेटी पुजायला बसलास का रे?"

९ जाने.
आणखी नऊ. सौ. लुगडे काढायला पेटीपाशी आली, कागद पाहिला.
"अहो, मागची कड पुढच्याहून मोठी झाली."
"पेटी दोन्हीकडे सारखीच आहे."
"असेल. दिसते मात्र लहान."
राग आला. अक्षर येत नाही हिला, आणि... पेटी आत ने म्हटले. नेली.

१० जाने.
शाळेपूर्वी पेटी स्वतःच बाहेर आणली. हात लांब धरून पेन्सिलीने मापली. मागची कड लहान, चांगली बोटभर. म्हणजे इतके दिवस ठाऊक असलेली पेटी काढत होतो, समोरची नव्हे. जेवताना सौ.ला तसे सांगितले. "ताक वाढू?" एवढेच म्हणाली. पण हसत होती.

१७ जाने.
शाळा सुटल्यावर रोज दोघे बसतो. मी काढतो, ती चूक दाखवते. "हा कोपरा पळतोय." "ही बाजू बसली." काल तिच्याही हाती पाटी दिली.
आत्या : "सूनबाई मास्तरीण होणार वाटतं."
सौ. घाईने पाटी पुसू लागली. मी म्हटले, "आत्या, तिच्याविना माझं मुरबाड ठरलेलं."

२२ जाने.
तलावावरून येताना घाटाच्या पायऱ्या पाहत राहिलो. साऱ्या त्या एका ठिपक्याकडे निघालेल्या. पाहता पाहता गवळ्याच्या म्हशीवर आदळलो. सौ.ला सांगितले, जेवण होईपर्यंत हसू आवरेना तिला. आज पाच पेट्या, पैकी दोन बऱ्या.

२ फेब्रु.
मुंबईस परीक्षा देऊन आलो. सगळे सोळा-सतरा वर्षांचे, मिशीवाला मीच. स्टुलावर खोके, झाकण अर्धे उघडे. उघडे झाकण कधी काढलेच नव्हते! खोडले, पुन्हा काढले. घंटा झाली तेव्हा छाया निम्मी राहिली होती. कडा मात्र दिसल्या तशाच काढल्या.

२४ फेब्रु.
निकाल नाही. हेडमास्तर विचारतात, मी मान हलवतो. सौ.ने आज विचारले, "माणूस कसा काढायचा?"
"मला येत नाही. पुस्तकात नुसत्या पेट्या आहेत."
"मग बघून काढायचा." आणि थेट आत्याला, "आत्याबाई, जरा ओसरीवर बसता का?"
वाटले, आता घर डोक्यावर घेणार. आत्याने वातींचे ताट बाजूला सारले, पदर नीट केला, येऊन बसली. दोन क्षण गेले असतील.
"झालं का गं?"
सौ.ची अजून एकच रेघ झाली होती.