रीवाला आपलं कोण?

३ जुलै १९९४, रविवार

आजही नाही. पेपरवाला शपथेवर सांगत होता, मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा, पी.एम.टी.चा निकाल रविवारीच छापतात म्हणून. कुठे छापला? पहिल्या पानावर पाऊस, आतल्या पानावर थंड पेयाची जाहिरात. हे उजाडायच्या आत टावर चौकात जाऊन तीन वेगवेगळे पेपर घेऊन आले. एका मुलीचा नंबर शोधायला तीन पेपर — जसं काही एकात नापास असली तर दुसऱ्यात पास होणार होती!

केतकीला म्हटलं, "विचार बाबांना, चहा घेणार का." ती म्हणाली, "बाबा, चहा घेणार का?" हे म्हणाले, "घेईन म्हणावं." मी दोन हातांच्या अंतरावर उभी. आमच्याकडे असंच चालतं. कधीपासून ते आता आठवतही नाही. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं बोलणं संपलं. बँकेत मात्र हे दिवसभर बोलतात, तिथे लोकांना वाटतं शरच्चंद्र साहेब म्हणजे केवढे मोकळे.

५ जुलै, मंगळवार

शेजाऱ्यांकडे अलका वन्संचा इंदूरहून फोन. मलाच बोलावलं. "विनोदिनी, वरची खोली रंगवून घेतली हं. केतकी इंदूरला आली की माझ्याचकडे. होस्टेलचं नावसुद्धा काढायचं नाही." केतकी आठवीत होती तेव्हापासून या खोलीबद्दल ऐकून राहिले आहे. पोरगी डॉक्टर होणार ती इंदूरलाच, आणि राहणार ती आत्याकडेच — एवढं सगळं ठरलेलं. फक्त परीक्षा तेवढी तिने द्यायची बाकी होती, ती दिली.

वन्संनीच सांगितलं म्हणून संध्याकाळी चिंतामणला जाऊन नवसाचं उलटं स्वस्तिक काढून आले. देवळाची मागची भिंत नुसती शेंदराने माखलेली. अर्ध्या उज्जैनची पोरं या वर्षी डॉक्टर होणार बहुतेक.

९ जुलै, शनिवार

लागला! लागला नंबर!

हे टावर चौकातून धावत आले. धावत — या वयात, चपलांचा आवाज गल्लीच्या टोकापासून ऐकू येत होता. पेपर जमिनीवर पसरला, नंबरावर बोट ठेवलं आणि बोट उचलेचनात. केतकीने प्रवेशपत्र आणून आकडा दोनदा ताडून पाहिला. मग हे म्हणाले, "आईला सांग, आहे." मी त्यांच्या खांद्यावरून तोच नंबर वाचत होते. तरी केतकी बिचारी म्हणाली, "आई, आहे."

स्वयंपाकघरात जाऊन रडले. सुखाने रडले, खोटं कशाला लिहू. या घरात असं रडून किती दिवस झाले होते.

१० जुलै, रविवार

पेढे वाटून पाय मोडून आले. जो तो एकच विचारतो — "इंदूर ना?"

१४ जुलै, गुरुवार

पोस्टाने कार्ड आलं. नुसता नंबर लागून भागत नाही, रँक लागते. तिची रँक आली ती धड वर नाही, धड खाली नाही.

यांच्या बँकेतले दत्तात्रयभाऊ संध्याकाळी आले. त्यांचा प्रसाद दोन वर्षांपूर्वी लागला, तेव्हापासून ते या विषयातले मोठे जाणकार. कार्ड उजेडात धरून बघितलं, जसा काही एक्सरे. "वहिनी, इंदौर तो गया समझो. भोपाळ पण गेलं. ग्वाल्हेर थोडक्यात हुकतंय. जबलपूरचं सांगता येत नाही. रीवा पक्कं."

एम.बी.बी.एस. पक्कं. सरकारी कॉलेज पक्कं. मी पुन्हा पेढे आणायला सांगणार होते.  तेवढ्यात दत्तात्रयभाऊ म्हणाले, "पण साहेब, रीवाला आपलं कोण आहे?"

झालं. आमच्या लोकांत रँक अशीच वाचतात. इंदूर म्हणजे आत्या. भोपाळ म्हणजे यांचे मावसभाऊ. ग्वाल्हेर म्हणजे माझं माहेर, मामा. जबलपूरला कोणाची तरी नणंद दिलेली आहे. रीवाला कोणी नाही. म्हणजे मार्क पोरीने मिळवले, आणि कमी पडले नातेवाईक!

आणि दत्तात्रयभाऊंचा प्रसाद? तो रायपूरला होस्टेलात राहतो. तिथे त्यांचं कोण आहे? कुत्रं ओळखत नाही. पण मुलाला कोणी लागत नाही. मुलगा असता तर यांनी होल्डॉल बांधून आजच गाडीत बसवला असता. दत्तात्रयभाऊंना दुसरा कप चहा दिला नाही.

१७ जुलै, रविवार

वन्संचा फोन. आता नवीन टूम. "अगं, पी.एम.टी.तूनच आयुर्वेदही मिळतं ना? उज्जैनलाच कॉलेज. घरून जाईल, घरून येईल. शेवटी नावापुढे डॉक्टरच लागतं."

नावापुढे! आयुर्वेद वाईट असं मी म्हणत नाही. ज्याला आवडतं त्याने जरूर शिकावं. पण हिने दोन वर्षं ते स्वप्न पाहिलेलं नाही. बेडकं कापायला शिकली, तेव्हा हात थरथरायचे, तरी शिकली.

रात्रीची भांडी घासताना केतकीला स्पष्ट सांगितलं. "रीवाच घ्यायचं. कोणी काही बोलो. तू इथून बाहेर पड. या घरात राहून काय मिळणार आहे? मला काय मिळालं?" ती ताटं पुसत होती. म्हणाली, "आई, मी गेल्यावर तू काय करशील?" म्हटलं, "माझं काय, मी भिंतीशी बोलेन. आताही तेच करते." हसली नाही. मला वाटलं होतं हसेल.

२० जुलै, बुधवार

हे जेवताना म्हणाले, "केतकी, रीवाला थंडी फार असते म्हणे."

आली गाडी रुळावर! आता थंडीचं निमित्त. उज्जैनला काय आपण डिसेंबरात उघड्यावर झोपतो?

नंतर दत्तात्रयभाऊंना बाहेरच्या ओट्यावर बसवून चौकशी चालली होती. मी आतून सगळं ऐकत होते. सतन्याला गाडी किती वाजता पोचते, पुढे बस लगेच मिळते का, मुलींच्या होस्टेलात फोन आहे का, रविवारी भेटू देतात का. एकेक अडचण गोळा करून राहिलेत. हा माणूस नाही म्हणायचं असलं की तोंडाने कधी म्हणत नाही, असा चौकशा करतो. घर घ्यायचं होतं तेव्हाही अशाच चौकशा केल्या होत्या, आणि आम्ही अजून भाड्याच्याच घरात.

२२ जुलै, शुक्रवार

केतकी अबोल झाली आहे. विचारलं तर म्हणते, "काही नाही गं." बापाचीच पोर.

२५ जुलै, सोमवार

महाकालच्या पालखीची सवारी. सगळं गाव गुदरी चौकाकडे लोटलेलं. इथल्या हिंदी लोकांचा सावन लागला, आपला मराठी श्रावण अजून पंधरा दिवसांवर. शेजारच्या मिश्राइन भाभी उपास करून राहिल्यात, मी कांद्याची भजी तळली. देवाने यात कोणाची बाजू घ्यायची ते बघावं.

परवा सीटवाटपाच्या काउन्सेलिंगला भोपाळला जायचं. केतकीला म्हटलं, "मीपण येते म्हणून सांग." आतल्या खोलीतून आवाज आला, "म्हणावं, पालक एकच आत सोडतात."

पालक एकच. आणि तो कोण, हे विचारायचीही गरज नाही. अठरा वर्षं हिच्या डब्यात काय द्यायचं ते मी ठरवलं, आयुष्यात काय करायचं ते हे ठरवणार. जाताना केतकीचा हात धरून पुन्हा सांगणार आहे — तिथल्या साहेबाने विचारलं की मोठ्याने 'रीवा' म्हणायचं. बापाकडे बघायचंच नाही.

२८ जुलै, गुरुवार

लिहवत नाही. पण कोणाला सांगू?

सकाळी परत आले. केतकी दारातच म्हणाली, "आई, आयुर्वेद घेतलं. इथलंच."

"आणि रीवा?"

"मिळत होतं. बाबा नको म्हणाले."

हे खुर्चीत बसून बुटाची लेस सोडत होते. मान वर केली नाही. मी एवढी उभी आहे, विचारते आहे, आणि माणूस लेस सोडतोय! एक लेस सोडायला एवढा वेळ? मग उठून अंघोळीला गेले.

एम.बी.बी.एस.ची सीट. हातात आलेली. मागच्या कुणा मुलाने तिथल्या तिथे उचलली असेल, त्याचा बाप स्टेशनवर पेढे वाटत घरी गेला असेल. आमचा बाप लेकीला परत घेऊन आला, जशी काही जत्रेत हरवली होती.

३० जुलै, शनिवार

यांच्या आमटीत आजपासून मीठ घालायचं नाही असं ठरवलं होतं. घातलं. सवय वाईट.

२ ऑगस्ट, मंगळवार

केतकी कॉलेजात नाव घालून आली. घरी येऊन माझ्याबरोबर मेथी निवडत बसली. "बघ आई, रोज दुपारी घरी असेन." जसं काही मोठं बक्षीस दिलं. मला तिचाही राग आला. एवढी कशी गरीब गाय ही? बापाने नको म्हटलं आणि हिने ऐकलं! तिथे हॉलमध्ये सगळ्यांसमोर रडायचं, पाय आपटायचे. मी असते तर आपटले असते.

गल्लीतल्या बायका 'डॉक्टरीणबाई' म्हणून हाक मारतात. ती हसते. मी दार लावून घेते.

७ ऑगस्ट, रविवार

दिव्यांची अवस. अलका वन्सं इंदूरहून मुद्दाम आल्या — केतकीचं कौतुक करायला! साडीचा पीस आणला. दिवे घासले, पुजले, दिंडं उकडली. सगळे पानावर बसले. मी वाढत होते.

वन्सं म्हणाल्या, "बरं झालं बाई पोर घरीच राहिली. आणि ती वरची खोली आम्ही भाड्याने दिली. मेडिकलचीच मुलगी आहे. रीवाची. बिचारीचं इंदूरला कोणी नाही, म्हटलं राहा."

मी तूप वाढत होते. 

रीवाच्या बापाने मुलगी इंदूरला पाठवली. तिचं तिथे कोणी नाही, तरी पाठवली! आणि आम्ही? मला आवरलंच नाही. तुपाची वाटी खाली ठेवली आणि यांच्याकडे बघून बोलले. केतकीकडे नाही — यांच्याकडे, सरळ तोंडावर. "तुम्ही माझ्या मुलीचं वाटोळं केलंत. स्वतः कधी काही केलं नाहीत आणि तिलाही करू दिलं नाहीत. तुमच्यासारख्या भित्र्या माणसाच्या पोटी आली हेच तिचं नशीब." अजूनही बरंच बोलले. सगळं लिहीत नाही, पण बोललेलं मागेही घेत नाही.

 "आई, पुरे," केतकी म्हणाली. यांनी तिच्याकडे बघून नुसती मान हलवली, नको अशी. मग पानातलं दिंड संपवलं. सावकाश. हात धुवायला उठले.

वन्संना एवढ्यातही सुचलं, "चला, विनोदिनी दादाशी बोलली तरी."

हो. इतक्या वर्षांनी यांच्याशी थेट बोलले. आणि उत्तरादाखल एक शब्द नाही. खरं असलं की माणसाला काय उत्तर सुचणार? आज कितीतरी दिवसांनी छातीतलं ओझं उतरल्यासारखं वाटतंय. झोप लागेल.

८ ऑगस्ट, सोमवार

वन्सं सकाळच्या बसने गेल्या, हे बँकेत गेले. केतकी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "आई, रीवाला नको मी म्हटलं. बाबांनी नाही."

साहेबाने विचारलं तेव्हा हे "रीवा" म्हणाले होते. ही "नको" म्हणाली. हे पुन्हा म्हणाले, "घे बाळ, मी आहे ना, मी येऊन जाऊन करीन." ही पुन्हा नको म्हणाली. म्हणाली, "मी गेल्यावर तुम्ही दोघं या घरात कसे राहिला असता? माझा तिथे अभ्यास झाला नसता, आई."

परतताना बसमध्ये ती रडायला लागली, आईला काय सांगू म्हणून. तेव्हा हे म्हणाले, "माझं नाव सांग. तिला सवय आहे."