बाबांचा डावा डोळा आणि प्रभूचं येणं

२७ नोव्हेंबर ५५, रवि.
आज पुन्हा नाही म्हणाले. उजवा मोतीबिंदू पुरता पिकलाय, डावा अर्धा. डॉक्टरांनी काल मला वॉर्डातच थांबवून सांगितलं, सिस्टर, वडिलांना घेऊन या, फार वाट बघू नका. नऊ वर्षं परळच्या हॉस्पिटलात दुसऱ्यांचे बाप टेबलावर झोपवतेय. माझा येत नाही.
म्हणतात, "प्रभू येणार आहे रूथ. चार-सहा महिन्यांकरता डोळे कशाला कापून घेऊ?"
हे सगळं कॉटन ग्रीनच्या सभेपासून. गोदामाच्या माडीवर भरते. तिथले बंधू एलीया सांगतात की जग बिघडतच जाणार, आणि एके दिवशी विश्वासणारे अचानक वर उचलले जाणार. मागे राहिलेल्यांवर सात वर्षं महासंकट. मग प्रभू येऊन हजार वर्षं राज्य करणार. बाबा सहा महिने जातायत. मीच हात धरून पोचवते, आणि खाली गोदामाच्या पायरीवर बसून राहते.

४ डिसेंबर, रवि.
आपल्या चर्चमध्ये गेले, एकटीच. पाळकसाहेबांना विचारलं, हजार वर्षं म्हणजे काय? म्हणाले, ते कॅलेंडरवरचं हजार नाही. प्रभू पहिल्यांदा आला तेव्हापासून राज्य सुरूच आहे, आपण त्यातच राहतो. मग मी घरी येताना लालबागच्या नाक्यावर बघत उभी राहिले. हे राज्य? बरं.
बाबा तरुणपणी तिसरंच मानायचे. नगरच्या मिशनच्या साहेबांनी शिकवलेलं. शाळा, दवाखाने, छापखाने वाढत जातील, जग हळूहळू सुधारेल आणि मग तो येईल. म्हणून तर ते गिरगावात छापखान्यात जुळारी झाले. पस्तीस वर्षं शिशाचे खिळे उचलले. म्हणायचे, मी राज्याची एकेक ओळ जुळवतोय. दुसऱ्या लढाईनंतर ते बोलणं बंद झालं. कधी बंद झालं ते मला आठवतसुद्धा नाही.

११ डिसें., रवि.
शमू आणि बाबा. जेवताना. शमू माझा धाकटा भाऊ, मिलमध्ये साचेखात्यात आहे, संध्याकाळी मुंबई महाराष्ट्रात यावी म्हणून समितीच्या सभा. बाबा म्हणाले, या दगडफेकीत पडू नकोस, हे राज्य राहणार नाही, ते राज्य येतंय. शमू म्हणाला, "तुमचा राजा येईल तेव्हा येईल. आम्हाला आधी मुंबई पाहिजे."
बाबा चिडले नाहीत. ताटात भात चाचपत राहिले. नंतर मला म्हणाले, शमू मागे राहील गं.
मी विचारलं, आणि मी?
उत्तर दिलं नाही.

१४ डिसें.
तीन दिवस तेच डोक्यात. इंजेक्शन देताना हात थांबला, पेशंट म्हणाली, काय झालं सिस्टर?

१८ डिसें., रवि.
आज उत्तर मिळालं. बंधूंच्या सभेत पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात, माहीमच्या किनाऱ्याला. माझा तान्हेपणी कपाळावर पाणी शिंपडून झालेला. बाबांच्या लेखी आता तो धरत नाही. हळू आवाजात म्हणाले, "तू बाप्तिस्मा घे. मी डोळे कापून घेतो. मग मला दोन्हीकडची काळजी नाही."
सौदा. माझा बाप माझ्याशी सौदा करतोय.
हो म्हणायला काय जात होतं? एक डुबकी. पण ज्यावर विश्वास नाही ते देवासमोर उभं राहून हो म्हणायचं, तेही डोळ्यासाठी... नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली, जणू हेच ऐकायचं होतं.

२६ डिसें.
नाताळ झाला. चकल्या चांगल्या झाल्या. शेजारच्या सावंतकाकींकडे दिल्या, त्यांनी सोलकढी पाठवली. बाबा सबंध दिवस खिडकीपाशी. त्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं, आणि माणूस जवळ आलं तर सावली.

३ जानेवारी ५६
बाबा हिशेब करतायत. संदेष्ट्यांचे आकडे, दिवसाचं एक वर्ष धरून. त्यांना दिसत नाही, म्हणून ते सांगतात आणि मी वहीत मांडते. बेरीज, वजाबाकी. जुळारी माणूस, एक आकडा इकडचा तिकडे खपत नाही. चार वेळा तपासून घेतलं. उत्तर आलं यंदाचा पुनरुत्थानाचा सण. १ एप्रिल.
माझ्याच अक्षरात.

१६ जाने., सोम.
रेडिओवर सांगितलं, मुंबई केंद्राकडे. चाळीत एकदम आवाज बंद, मग एकदम सुरू. शमू चप्पल न घालता खाली गेला. मला हॉ.मधून बोलावणं. बाबांना काकींवर सोपवून निघाले. डोकं दुखतंय म्हणत होते. उजव्या बाजूला. मी ऐकलं आणि निघाले.

१९ जाने.
हॉ. घरी जाता येत नाही, कर्फ्यू. काळाचौकी, लालबाग, गिरगाव, सगळीकडून माणसं येतायत. गोळ्या लागलेली, लाठ्या बसलेली. एकाच्या खिशात अर्धी खाल्लेली पोळी. त्याचं नाव विचारायचं राहिलं. दोन तास झोपले, लिनन रूममध्ये.
शमूला काल पकडला. साच्यावरच्या एकानं वॉर्डात येऊन सांगितलं. जिवंत आहे, एवढंच कळलं.

२० जाने.
कुणीतरी व्हरांड्यात ओरडत होतं, जगाचा शेवट आला. मी त्याला गप्प बसवलं. पाणी दिलं. बाबा म्हणतील, ही चिन्हं. मला चिन्हं दिसत नाहीत, मला आमच्या बाजूच्या गल्लीतली माणसं दिसतात.

२२ जाने., रवि.
गाडीतून घरी सोडलं. काकी दारातच. "तुझ्या बापाशीन तीन दिवस काय एक खाल्ल्यान नाय. डोळो, डोळो करून वरडत हुतो." बाहेर कुणाला जाता येत नव्हतं. काकींनी डोळ्यावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या. त्या तरी काय करणार?
उजवा डोळा लाल, बुबुळ धुरकट, बोटाखाली दगडासारखा. पिकून फुगलेला मोतीबिंदू, आत दाब चढला. टॉर्च धरली. उजेड कळतो का? नाही. पुन्हा धरली.
नऊ वर्षं मी पेशंटच्या नातेवाईकांना सांगते, डोकं दुखलं की लगेच आणा.

२५ जाने.
डॉक्टर म्हणाले, उजवा गेला. ठणका थांबवू, नजर नाही. डावा महिना-दोन महिन्यांत करून टाका, नाहीतर तोही ह्याच वाटेनं जाईल.
बाबा परतताना ट्राममध्ये म्हणाले, वेणा आहेत या. बाळंत होण्याआधी असंच होतं.
 डुबकी घेतली असती तर डिसेंबरातच ऑपरेशन झालं असतं. हे एकच वाक्य. सकाळी उठलं की तेच आधी.

१२ फेब्रुवारी, रवि.
पाळकसाहेब घरी आले. चहा तसाच राहिला. ते म्हणाले, दिवस आणि घटका कुणालाच ठाऊक नाही, स्वतः पुत्रालाही नाही, मग तुम्हाला कुठून? बाबा म्हणाले, घटका नाही सांगत, दिवस सांगतोय. साहेब हसले. हसायला नको होतं. बाबा म्हणाले, तुम्ही चाळीस वर्षं येणार येणार असं प्रार्थनेत म्हणता आणि तो खरंच आला तर तुमची पंचाईत होईल. साहेब गेले. जाताना जिन्यावर मला म्हणाले, तुझ्या वडिलांचं एक म्हणणं खरं आहे, मी आता वाट बघत नाही. आणि भराभर उतरून गेले.
का सांगितलं मला?

४ मार्च, रवि.
शमूला ठाण्याच्या तुरुंगात भेटले. वाळलाय, खुशीत आहे. उजव्या डोळ्याचं सांगितलं. बराच वेळ गजावर नख घासत राहिला. मग म्हणाला, ताई, त्याला उचलून टेबलावर टाक. मी म्हटलं, पेशंटची सही लागते. म्हणाला, आंधळ्याची?

२३ मार्च
बाबांनी कोट काढायला सांगितला. मी इस्त्री केली. माझ्या मनात काय चाललंय ते मला इथंसुद्धा लिहवत नाही. नाही आला तर त्यांचं काय होईल, ही भीती. आणि दुसरी एक.
खरंच आला तर.

१ एप्रिल, पुनरुत्थानाचा सण
पहाटे कॉटन ग्रीन, गोदामाच्या गच्चीवर. पंधरा-वीस माणसं. नेहमीची पहाटेची उपासना, हिशेबाचं कुणाला ठाऊक नव्हतं. फक्त आम्हा दोघांना. बाबा कोट घालून, टोपी हातात. तोंड पूर्वेला, गोदीकडे. मी त्यांचा दंड धरलेला.
गाणं संपलं.  बाबांनी विचारलं, "उजाडलं का?"
"उजाडतंय."
थोड्या वेळानं पुन्हा. "काय दिसतं?"
क्रेन, दोन बोटी, धूर. मी तेच सांगितलं. खोटं काय सांगणार? मग ऊन त्यांच्या चेहऱ्यावर आलं. त्यांना ते कळलं. त्यांनी टोपी डोक्यावर घातली.
सबंध दिवस वाट बघितली. जेवले नाहीत. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा कोट काढून माझ्या हातात दिला.

२ एप्रिल
बोलत नाहीत.

३ एप्रिल
ड्यूटीवरून थेट बंधू एलीयांकडे गेले. भांडायलाच. उंच, सडपातळ माणूस, जाड भिंगांचा चष्मा. दिवसा बंदरात माल मोजतात. मी सगळं सांगितलं, हिशेब, सौदा, उजवा डोळा. ते खाली बसले. म्हणाले, मी कधीच तारीख दिली नाही सिस्टर. आणि डोळे दाखवू नका असं कुणाला सांगेन का? चष्मा काढून माझ्यापुढे धरला, म्हणाले, ह्याच्याशिवाय मला तुम्हीसुद्धा दिसत नाही. प्रभूची वाट बघणारा दिवा विझवून बसत नाही.
मला त्यांचा राग हवा होता. तो हातातून गेला. मग राग कुणाचा करायचा? आकडे मी मांडले.

५ एप्रिल
बंधू घरी आले. बाबांच्या पायाशी जमिनीवर बसले. मी आत भांडी घासत, नळ बंद ठेवून. बंधूंनी एवढंच विचारलं की भाऊ, ऑपरेशनला नाही का म्हणता? खरं सांगा, शास्त्राचं नको.
 मग बाबा म्हणाले, "आंधळ्याला वाट बघता येते. ऑपरेशन फसलं तर मी कशाची वाट बघू?"
मी पाट्यावर कपाळ टेकलं. चार महिने हे पोटात होतं आणि मी त्यांच्याशी हजार वर्षांवरून वाद घालत होते.
 दोघं तसेच बसले. नंतर प्रार्थना केली, लहानशी, तारखेशिवाय.

९ एप्रिल
हो म्हणाले. असं म्हणाले की सकाळी लवकर असेल तर बरं, उपाशी राहवत नाही. सहीसाठी बोट धरायला गेले तर म्हणाले, मला सही येते. आली. तिरकी, पण पूर्ण नाव.

१६ एप्रिल, सोम.
झालं. मी आत नव्हते, मेट्रननी जाऊ दिलं नाही. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. सात दिवस हलायचं नाही, खोकायचं नाही, शिंकायचं नाही. मी म्हटलं, हसायचंही नाही. म्हणाले, ते सोपं आहे.
मग हळूच, "ह्या सात दिवसांत तो आला तर?"
मी सांगेन तुम्हाला, म्हटलं. लगेच सांगेन.
"तू तर मानत नाहीस."
मी चादर सारखी करत राहिले. मानत नाही असं मी कधी म्हटलं नव्हतं. मी पाण्यात उतरणार नाही म्हटलं होतं. हे त्यांना सांगायला हवं. पट्टी सुटल्यावर.

१९ एप्रिल
शमू सुटला. थेट वॉर्डात, दाढी वाढलेली. बाबांनी पावलांवरून ओळखलं. दोघांत मुंबईबद्दल शब्द नाही, प्रभूबद्दल शब्द नाही. शमूनं चमच्यानं पेज भरवली. सांडली थोडी.

२२ एप्रिल, रवि.
दुपारी खालून मोर्चा गेला. घोषणा वॉर्डात ऐकू येत होत्या. बाबांनी विचारलं, शमू आहे का त्यात? म्हटलं, असेलच. ते ऐकत राहिले, आवाज दूर जाईपर्यंत. म्हणाले, किती जिवाच्या आकांतानं मागतात. 
बंधूंचा निरोप, आज संध्याकाळी माहीमला तिघांचा बाप्तिस्मा. नुसतं बघायला या. गेले नाही. गेटपर्यंत गेले आणि परत आले. का परत आले आणि का गेले होते, दोन्ही कळत नाही.
डावा डोळा कसा आहे, डॉक्टर सांगत नाहीत. काल ड्रेसिंगच्या कडेला थोडं पिवळं दिसलं. पाणी असेल. किंवा नसेल. पट्टी उद्या नऊला सोडायची, माझ्याच हातानं. मेट्रनकडे गेले, म्हटलं, दुसऱ्या कुणाला द्या. त्यांनी रजिस्टरमधून वर न बघता सांगितलं, सिस्टर, तो वॉर्ड तुमचा आहे.
कात्री उकळून ठेवलीय.