आठ दिवसांचा तक्ता

२ मे, शनिवार

पिंकी आली. अकरा वाजून दहा मिनिटांनी. लेकीने, अनघाने, दहा सांगितले होते.

प्रितम गाडीतून उतरला नाही. इंजिन चालूच. जावईबापू काच खाली करून बोलले— “मामा, पुढच्या रविवारी न्यायला येतो. सोमवारपासून तिचा लोणावळ्याला कॅम्प आहे. इथं करमलं तर सांगेल ती तसं, मग राहू दे महिनाभर.” करमलं तर! म्हणजे परीक्षा माझी आणि परीक्षक दहा वर्षांची नात. निकाल रोज संध्याकाळी सात वाजता, फोनवर.

तीन वर्षांत पहिल्यांदा पाठवली पोरगी. तीन वर्षांपूर्वी ह्याच गृहस्थाने माझ्या घरात उभं राहून माझं अर्थिंग चुकलंय असं सांगितलं होतं. पाहुण्यांसमोर. डिग्री आहे ना! माझी नववी. पण कामशेतपासून पवनेच्या बाजूपर्यंत पंपांच्या जळालेल्या मोटारी कुणाकडे येतात, ते जाऊन विचार म्हणावं. वाइंडिंग मला कुणी शिकवलं नाही. जळकी मोटार उलगडायची, तारेचे वेढे मोजायचे, पुन्हा तेवढेच घालायचे. असा शिकलो.

तर आठ दिवस. दुकान फक्त दुपारनंतर. तक्ता पंधरा दिवसांपूर्वीच तयार केलाय— आख्खी कार्डशीट, उभे रकाने आठ, आडवे सहा. सकाळी सहा ते सात विहीर. सव्वासातला न्याहारी. आठ ते साडेनऊ करवंदं. दहा ते बारा सावलीचं घड्याळ (साडेतीन फुटी काठी अंगणात आधीच पुरून ठेवली आहे, ओळंबा लावून). बारा ते चार घरात. साडेचारला लगोरी. विकत काही आणायचं नाही, लांब कुठं जायचं नाही. उन्हाळा असा घालवायचा असतो. कॅम्प कसले काढता!

कालच्या पौर्णिमेची विहारातली खीर तिच्यासाठी वाटीभर राखून ठेवली होती. म्हणाली, साखर जास्त आहे.

३ मे, रविवार

पावणेआठला उठली. पहिला चौकोन वाया. रेणुका म्हणते, “झोपू द्या की, सुट्टीच हाय तिला.” बायको माझी, बाजू कायम दुसऱ्याची.

विसापूरच्या उतारावर करवंदाला नेली. जाळीत हात वरून घालायचा नसतो, खालून घालायचा, पानं उचलून— करून दाखवलं. तिने वरूनच घातला. डाव्या मनगटावर ओरखडा, दोन इंच. फ्रॉकला चीक. देठ तुटला की चीक येतो हे आधी सांगितलं होतं. दोनदा.

सावलीच्या घड्याळापाशी अकरा मिनिटं बसली. मग मला म्हणाली, “आजोबा, तुमच्या हातात घड्याळ आहे ना?”

सातला फोन. मी ओट्यावर होतो, सगळं ऐकू येत होतं. “काही खास नाही पप्पा. ठीक आहे.”

ठीक आहे!

४ मे, सोमवार

आज उठवलीच. सहाला पाच कमी असताना कोंडाजी आबांच्या विहिरीवर हजर. विहीर पायऱ्यांची. शेवटच्या पायरीवर पाणी तिच्या छातीपर्यंत, पुढे अकरा फूट. काल दोरीला दगड बांधून मोजून आलो होतो.

ह्या विहिरीवर मी एकोणीस पोरं पोहायला शिकवली. एकालाही नाकातोंडात पाणी जाऊन उलटी झालेली नाही. पद्धत माझी स्वतःची आहे. पाठीला झाकण बंद केलेला पाच लिटरचा रिकामा डबा, कमरेला दोरी, दोरीचं टोक काठावर माझ्या हातात, तोंडात शिट्टी. एक शिट्टी हात, दोन शिट्ट्या पाय. पहिल्या आठवड्यात डबा, दुसऱ्या आठवड्यात अर्धा पाण्याने भरलेला डबा, मग डबा नाही.

ही सोसायटीच्या टाकीत पोहते म्हणे. टाकी! खाली फरशी दिसते, भिंतीवर खोली किती ते लिहिलेलं असतं. त्याला पोहणं म्हणत नाहीत.

डबा बांधून घेतला. दोन पायऱ्या उतरली आणि मागे वळली. मी कुठं उभा राहणार, असं विचारलं. म्हटलं, इथंच, वर, दोरी धरून.

“आमचे सर पाण्यात असतात.”

“असतील. इथं मी आहे.”

“मग तुम्ही आधी उतरा.”

एकोणीस पोरांत एकानेही मला असं सांगितलं नव्हतं. ही प्रितमची शिकवण. मोठ्यांना उलट विचारायचं, ते पण बरोब्बर नको तिथं. मी म्हटलं, उतरायचं तर उतर, नाहीतर घरी चल. ती शांतपणे डबा सोडायला लागली. गाठ मी मारलेली. तिला सुटली नाही. मलाच सोडावी लागली.

फोनवर— “विहिरीवर गेलो होतो. पोहलो नाही.”

५ मे, मंगळवार

तिला सांगितलं, माझा कान दुखतोय, डावा, पाण्यात उतरता येत नाही. दुपारी कामशेतहून गिऱ्हाइकाचा फोन आला. बोलून ठेवला तर ही समोर उभी. “डावा कान दुखतोय ना? फोन डाव्यालाच लावला होता तुम्ही.”

अशी पोर मला आवडत नाही.

६ मे, बुधवार

मळवलीचं फाटक पडलं होतं. हिला मागे बसवून एका मोटारीसाठी बुश आणायला निघालो होतो. मालगाडी आली, तशी ही स्कूटरवरून उतरून डबे मोजायला लागली. मग मीही मोजले. तिचे अठ्ठावन्न, माझे एकोणसाठ. शेवटचा गार्डाचा डबा तिने धरला नव्हता. मी म्हटलं, डबा तो डबा. तर विचारते, त्यात माल असतो का? नसतो. पण मी ते कबूल केलं नाही. फाटक उघडलं, मागचे हॉर्न मारतायत, आणि आम्ही दोघं रस्त्यात भांडतोय. ती म्हणाली, दुसऱ्या मालगाडीसाठी थांबू, मग ठरवू. बावीस मिनिटं थांबलो, भर उन्हात. दुसरीला तिचे पंचेचाळीस, माझेही पंचेचाळीस. कारण ह्या वेळी मी गार्डाचा डबा सोडला. उगाच वाद नको म्हणून.

हे तक्त्यात नव्हतं. घरी येऊन एक रकाना वाढवावा लागला. रेघ वाकडी आली. बुश आणायचं राहूनच गेलं.

फोनवर काय सांगितलं ते कळलं नाही. हसत होती. मला हसत असणार.

७ मे, गुरुवार

अनघाने कॅम्पचा कागद रेणुकाच्या मोबाइलवर पाठवला. मी वाचला. चिखलात खेळणे. चुलीवरची भाकरी. बैलाला हात लावणे— खरंच असं लिहिलंय! तिसऱ्या दिवशी दुपारी पावणेचार ते पाच: ग्रामीण जीवनाचा अनुभव. आमचं जगणं म्हणजे ह्यांचा सव्वा तासाचा कार्यक्रम. आणि त्यासाठी माझी नात माझ्या घरातून उचलून नऊ किलोमीटरवर नेणार!

रागाने तक्त्यापाशी गेलो, तर तक्त्यावर लाल पेन. सावलीच्या घड्याळावर फुली. लगोरीवर फुली (“माणसं कमी”). करवंदांवर बरोबरची खूण. मालगाडीवर दोन खुणा. विहिरीच्या रकान्यात आठही चौकोनांवरून आडवं लिहिलंय— आजोबा तयार नाहीत.

कार्डशीट फाडणार होतो. रेणुकाने हात धरला. “फाडून काय व्हनार? आता तुमाला बी पाठ झालंय ते.”

८ मे, शुक्रवार

पुन्हा विहिरीवर नेली. ही शेवटची संधी म्हणून बजावून. कोंडाजी आबा पाण्यातच होते. सत्तरी उलटली, रोज अर्धा तास डुंबतात, म्हशीसारखे. पिंकी जाऊन त्यांनाच सांगते, आजोबा उतरत नाहीत म्हणून मीही उतरत नाही.

आबांनी चूळ टाकली. वर माझ्याकडे बघितलं. “हनुमंता, लय पोरं शिकवली तू. न्हाई म्हनायची सोय न्हाई. पन तुला वला झालेला म्या येक डाव बी बघितला न्हाई.”

मी म्हटलं, कान.

“कान वर धर की. म्या हाय हितं.”

हसले. त्यांची विहीर नसती तर उत्तर दिलं असतं. दोरी गुंडाळली आणि निघालो. पिंकी हसली नाही. त्याचाच जास्त राग आला.

संध्याकाळी फोनवर प्रितमने पोहण्याचं विचारलं असावं. ही म्हणाली, “आजोबांचा कान दुखतोय पप्पा. डावा.”

मला कुणी पाठीशी घालायची गरज नाही. दहा वर्षांच्या पोरीने तर मुळीच नाही.

९ मे, शनिवार

मला पोहता येत नाही. कधीच येत नव्हतं. आजवर इतक्या वह्या भरल्या, एकीतही हे लिहिलं नाही.

माझं मूळ गाव हे नाही. तिथं एकच विहीर पोहण्यासारखी, आणि आमच्या वस्तीतल्या पोरांना तिच्यात उतरू देत नव्हते. काठावर बसलेलं चालायचं. मी चार उन्हाळे काठावर बसलो. हात कसा पडतो, पाय कुठून मारतात, मान कधी वळते— सगळं नजरेने पाठ केलं. मोटार उलगडावी तसं. इथं आलो तेव्हा आबा म्हणाले, या की, कुणी आडवत नाही. पण मी तोवर तेवीस वर्षांचा. मग काही दिवसांतच इथल्या दोन पोरांना काठावरून सांगून तरंगवलंही. नवशिक्यासारखा डबा बांधून कोण उतरणार? लोक मला मास्तर म्हणायला लागले होते!

आज सकाळी सहा वाजता उतरलो. डबा माझ्या पाठीला. गाठ पिंकीने मारली, वाईट मारली, मी दुसऱ्यांदा मारायला लावली. आबा पाण्यात माझ्या पुढ्यात. दोरी आणि शिट्टी तिच्याकडे. पाणी बर्फासारखं असतं हे मला ठाऊक नव्हतं. पोरांना सांगायचो— गार लागतं दोन मिनिटं, मग काही नाही. साफ खोटं!

पाय सुटले आणि मी आबांचा गळा धरला. आबा ओरडले. घोटभर पाणी प्यालो. वरून शिट्टी, आणि माझंच वाक्य माझ्याच आवाजाची नक्कल करून— “गुडघ्यातून नाही, मांडीतून! कितीदा सांगायचं?” दया नाही, माया नाही. पस्तीस मिनिटं. वर आलो. तिने टॉवेल दिला आणि सांगितलं, मान फार ताठ ठेवता तुम्ही.

मग ती उतरली. डबा न बांधता. ह्या काठावरून त्या काठावर, दोनदा. चांगली पोहते. टाकीतली असली तरी.

उद्या प्रितम येणार. गावभर झालं असेलच, त्यालाही कळेल. कळू दे.

१० मे, रविवार

प्रितम अकराला आला, एक मिनिट इकडेतिकडे नाही. पिंकीची बॅग दाराशी नव्हती. मी आतल्या खोलीत होतो. गाडी अकरा वीसला रिकामी परत गेली. ती ओट्यावरून त्याला काय म्हणाली, तेवढं ऐकलं— “कॅम्प नको पप्पा. आजोबांचे पाय अजून बुडतात.”