टाळीशिवाय

२ फेब्रुवारी

आज पुन्हा! खालच्या प्लंबरच्या बायकोचा गाल काळानिळा. विचारलं तर म्हणे, "कपाटाचं दार लागलं, बाई." दाराला पाच बोटं असतात होय! मेल्याचे हात कलम केले पाहिजेत.

शिवणाचं निमित्त करून ती वर येते, माझ्याकडे वाचायला शिकते. तिला बसच्या पाट्या वाचायच्यात. बहीण दूर, मधे बस बदलावी लागते. विचारायची सोय नाही, स्टँडवरचे सगळे नवऱ्याचे दोस्त.

५ फेब्रुवारी

शब्द फोडायचा, तुकड्याला एक टाळी. द-वा-खा-ना. मग 'खाना' धरून ठेवायचा आणि त्याच्या आधीचं बदलायचं. 'कारखाना' तिने आपला आपण वाचला! मग म्हणाली, "कैदखानाही असाच ना? तो तर मला पाठ आहे." आणि हसली. फुटक्या ओठाने.

कॉन्व्हेंटात सिस्टर पट्टीच्या कडेने आमच्या बोटांवर शब्द फोडायच्या. इथे निदान टाळी तिची तिची.

१९ फेब्रुवारी

गेली. भाजीची पिशवी घेऊन निघाली, ती थेट स्टँडवर.

२० फेब्रुवारी

परत आणली — केस धरून, जिन्यावरून फरफटत! पाटीखाली उभी राहून टाळ्या वाजवत होती म्हणे. चहावाल्याने फोन केला, "तुझ्या बायकोला वेड लागलं का रे?" नवऱ्यालाही वेडच वाटलं. ते वाचणं होतं, हे त्या बैलाला काय कळणार!

टाळी म्हणजे कुबडी. आधी टाळी, मग बोट, मग नुसता डोळा. जन्मभर पहिलीच्या पोरांची टाळी सोडवली आणि हिची सोडवायच्या आधीच धाडली. माझी अक्कल शेण खायला गेली होती!

त्याने पान्याने तिची दोन्ही मनगटं मोडली. "वाजव आता टाळ्या!" वर स्पष्ट ऐकू आलं. मग तिची किंकाळी. मी पोलिसांना बोलावलं. आले, त्याच्याकडे चहा प्यायले, गेले. "घरगुती आहे, आजी." आजी म्हणे! याच्या आजीने याला पाळण्यातच दोन ठेवून द्यायला हव्या होत्या.

४ मार्च

कोपरापर्यंत प्लास्टर. सासूच आणून सोडते — "बसू दे तुमच्याकडे, घरात काय उपयोग तिचा?"

मी शब्द समोर धरते. टाळी नाही, बोट नाही, ओठसुद्धा हलत नाहीत. नजर एकदा फिरते.

"झालं?"

"झालं, बाई. पुढचा."

९ मार्च

पैशांची पिशवी तिच्या गळ्यात अडकवली. वरून पदर.

१० मार्च

चष्मा फुटला, खालचा ओठ फाटला. मला भिंतीवर आपटून ओरडत होता, "कुठंय ती, थेरडे? अक्षर वाचता येत नाही, हात चालत नाहीत, जाईल कुठं?"

"माहीत नाही," म्हटलं.

तो उतरून गेला. मी कडी लावली, आणि तिच्या बहिणीच्या गावाचं नाव वाजवलं. सावकाश. तुकड्याला एक टाळी.